लॅटिनचे अक्षर कोणी सुधारले?

आज इंग्रजी पुस्तकात आपण जी छोटी अक्षरे वाचतो, त्यांची घडण सुमारे बाराशे वर्षांपूर्वीची आहे. ती घडवण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, त्यांपैकी अनेकांची मातृभाषा लॅटिन नव्हती. भाषा शिकवणाऱ्याला ही गोष्ट विचार करायला लावते.

रोमन लोक लॅटिन बहुधा सलग लिहीत, शब्दांमध्ये जागा न सोडता. ज्याची ती भाषा, त्याचे निभावून जाई. आयर्लंडच्या मठांतले भिक्षू मात्र लॅटिन पुस्तकातून शिकत. शब्द कुठे संपला हे त्यांना डोळ्यांनी दिसायला हवे होते. म्हणून शब्दांमध्ये जागा सोडण्याची रीत त्यांनी रुजवली. त्यांची अक्षरे गोल, आणि उभ्या दांड्यांच्या माथ्यावर पाचरीसारखे त्रिकोणी टोक. अक्षराच्या अशा टोकाला सेरिफ म्हणतात. इ.स. 800 च्या सुमारास लिहिलेल्या 'बुक ऑफ केल्स'मध्ये ती ठळक दिसतात. पण त्यांच्या जलद लिपीत 'आर' आणि 'एस' इतके सारखे, की नवखा फसलाच.

फ्रान्समधल्या मठांत तर अक्षरे उभट, दाटीवाटीची, एकमेकांत गुंतलेली. मोडी वाचणाऱ्याला ही अडचण वेगळी सांगायला नको. 'ए'चे तोंड वरून उघडे, म्हणून ते 'यू'सारखे दिसे. एका अक्षराने शब्द बदलतो, शब्दाने अर्थ. आणि नक्कल करणारा तीच चूक पुढे नेतो.

789 मध्ये राजा शार्लमेनने फर्मान काढले: मुलांसाठी शाळा काढा, पुस्तके दुरुस्त करा, धर्मग्रंथांची नक्कल जाणत्या माणसांकडूनच करवून घ्या. त्याच काळात कॉर्बीसारख्या मठांत सुटी, गोलसर, सुवाच्य लिपी आकार घेत होती. तीच कॅरोलिंगियन मिनस्क्यूल. यॉर्कहून आलेला विद्वान अल्क्विन 796 पासून तूरच्या मठाचा प्रमुख होता. पुढे तिथून याच लिपीतली बायबले दूरवर गेली. खुद्द शार्लमेनही उतारवयात लिहायला शिकू लागला. चरित्रकार आइनहार्ड सांगतो, की पाट्या तो उशीखाली ठेवी. पण सुरुवात उशिरा झाल्याने फारसे साधले नाही.

प्राचीन रोमचे कितीतरी ग्रंथ या काळातल्या नकलांमुळेच वाचले. सन 1400 च्या सुमारास इटलीतल्या विद्वानांनी ही लिपी पाहिली, ती प्राचीन रोमनांचीच समजली आणि गिरवली. तिथून ती छापखान्यात आली.

वाचताना अडखळणारा विद्यार्थी कच्चाच असतो असे नाही. कधी कधी लिपीच त्याची वाट अडवते. लॅटिनच्या बाबतीत अशा अडखळणाऱ्यांनीच वाट मोकळी केली.