भोर समितीचा हिशेब

घरांत कुणी आजारी पडलें म्हणजे आपण डॉक्टरांकडे धांवतों. तो डॉक्टर आज तेथें भेटतो, तो दहा वर्षांपूर्वीं कुणीतरी तशी तजवीज केली म्हणून, हें मात्र सहसा कुणाच्या ध्यानांत येत नाहीं. शेतकरी मृगांत पेरतो आणि दिवाळीच्या सुमारास कापतो. वैद्यकाचें पीक तसें नाहीं. पदवीस ५॥ वर्षें, पुढें शस्त्रक्रिया, प्रसूतिशास्त्र किंवा बालरोग अशा एखाद्या शाखेंत निष्णात व्हावयास आणखी ३; आणि त्याआधीं कॉलेज उभें करावयाचें, रुग्णालय उभें करावयाचें, शिकविणारे मिळवावयाचे, तें निराळेंच!

साऱ्या देशापुरता हा हिशेब ज्यांनीं मांडला ते सर जोसेफ भोर हे जन्मानें नाशिकचे आणि शिक्षणानें पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे. १९४३ सालीं, महायुद्ध चालू असतांनाच, सरकारनें त्यांच्या अध्यक्षतेखालीं आरोग्यविषयक पाहणी करण्यास समिति नेमली. १९४६ त तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यांतील आंकडे वाचतांना आजहि मन दचकतें. सुमारें ६,००० माणसांमागें १ डॉक्टर, आणि ४३,००० माणसांमागें १ परिचारिका! इंग्लंडांत त्या वेळीं १,००० माणसांमागें १ डॉक्टर व ३०० माणसांमागें १ परिचारिका असे. डॉक्टरांची उणीव मोठी, पण परिचारिकांची त्याहून कितीतरी मोठी होती. आपल्या बोलण्यांत मात्र डॉक्टरच तेवढे येतात.

हिंदुस्थानांत तेव्हां सुमारें ४७,५०० डॉक्टर होते. त्यांपैकीं पदवीधर थोडे. जवळजवळ ३०,००० 'लायसेन्शिएट', म्हणजे शाळावजा संस्थेंत कमी मुदतीचें शिक्षण घेऊन परवाना मिळविलेले. दारावरील पाटीवर 'एल. सी. पी. एस.' हीं अक्षरें मिरविणारा डॉक्टर जुन्या मंडळींस आठवत असेल. ही परीक्षा १९१२ सालीं मुंबईस स्थापन झालेली कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स ही संस्था घेई.

समितीनें ठरविलें कीं, यापुढें डॉक्टर एकाच प्रतीचा असावा; वैद्यकीय शाळांचीं कॉलेजें व्हावीं, न झाल्यास त्या बंद व्हाव्या. पुण्याच्या बी. जे. मेडिकल स्कूलचें कॉलेज झालें तें १९४६ सालींच. खेडुताच्या वांट्यास दुय्यम डॉक्टर कां यावा, हा समितीचा प्रश्न रास्त होता. पण समितीतीलच कांहीं सभासदांनीं भिन्नमत नोंदविलें. डॉक्टरांची एवढी टंचाई असतां लायसेन्शिएटांचें शिक्षण थांबविणें त्यांना मान्य नव्हतें. मला दोन्ही पक्षांचें म्हणणें पटतें. दुसरा दरवाजा पुरता उघडण्याआधींच पहिला लावून घेतला गेला, हें मात्र खटकतें.

निष्णातांविषयीं समितीचें स्वप्न फारच मोठें होतें. १०,००० ते २०,००० वस्तीस ७५ खाटांचें एक रुग्णालय, आणि तेथें औषधोपचार, शस्त्रक्रिया व प्रसूति यांचे जाणकार डॉक्टर! १९५२ पासून जीं प्राथमिक आरोग्यकेंद्रें प्रत्यक्ष निघालीं, तीं या कल्पनेच्या पासंगासहि पुरलीं नाहींत. कारण केवळ पैशाचें नव्हतें. निष्णात घडवावयास निष्णातच लागतो. जो उत्तम शस्त्रवैद्य, तोच कॉलेजास अध्यापक म्हणून हवा असतो. नवें कॉलेज काढलें कीं पहिल्या दिवसापासून तें असे लोक मागूं लागतें, आणि त्याचा पहिला निष्णात बाहेर पडावयास ८-९ वर्षें जातात. समितीस हा पेंच दिसला होता. म्हणूनच वैद्यकाचे अध्यापक तयार करणारी एक अखिल भारतीय संस्था असावी, असें तिनें सुचविलें. तिचा कायदा १९५६ सालीं झाला आणि ती दिल्लीस उभी राहिली.

आतां अलीकडचा आंकडा सांगतों. ग्रामीण भागांतील सामुदायिक आरोग्यकेंद्रांत शस्त्रवैद्य, फिजिशियन, स्त्रीरोगतज्ज्ञ व बालरोगतज्ज्ञ असे ४ निष्णात असावेत, असा दंडक आहे. ३१ मार्च २०२२ रोजीं देशभरांतील अशा केंद्रांत या निष्णातांची तूट जवळजवळ १०० त ८० होती. त्या दिवशीं ज्यानें वैद्यकाच्या पहिल्या वर्गांत पाऊल टाकलें असेल, तो बालरोगतज्ज्ञ होऊन अशा एखाद्या केंद्राची पायरी चढेल तो लवकरांत लवकर २०३० च्या सुमारास. आणि तोंवर त्याला शिकविणारे टिकले पाहिजेत.