क्ष-किरण व्यवसायाची पूर्वपीठिका

बारावीचे निकाल लागले की आपल्या मंडळाच्या शिष्यवृत्तीचे अर्ज तपासण्याचे काम दरवर्षी आमच्याकडे येते. नारायण पेठेत आमचा जन्म गेला. पत्र्या मारुतीपासून केसरीवाड्यापर्यंत ज्ञातीची जी घरे आहेत, त्यांतील बरीचशी मुले आमच्या हाताखालून गेलेली. तेव्हा मंडळाचा हा विश्वास. अर्जात ‘पुढे कोणता अभ्यासक्रम घेणार’ असा एक रकाना असतो. डॉक्टर, इंजिनिअर ही उत्तरे त्यात ठळक अक्षरांत येतात. अलीकडे मधूनमधून ‘क्ष-किरण तंत्रज्ञ’ असेही उत्तर येऊ लागले आहे. पण ते बहुधा बारीक अक्षरांत, आणि सोबत आलेले पालक लागलीच खुलासा करतात की, ‘मेडिकल थोडक्यात हुकले.’ जणू हा व्यवसाय कोणी निवडीत नाही, तो केवळ वाट्याला येतो! वस्तुस्थिती तशी आहे काय, हे इतिहासाच्या साह्याने पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू.

तत्पूर्वी एक कबुली देणे आम्हांस प्राप्त आहे. १९९४ साली आमच्याच वाड्यातील एक ज्ञातिबांधव आपल्या मुलीस घेऊन आमच्याकडे आले. मुलगी शास्त्र शाखेतून बारावी झालेली, हुशार, हाताची नेटकी. तिला क्ष-किरणांचा अभ्यासक्रम घ्यावयाचा होता. ‘गुरुजी, तुम्ही म्हणाल तसे करू,’ असे वडील म्हणाले. आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक; या विषयात आमचे ज्ञान ऐकीव. तरीही आम्ही ठासून सांगितले, ‘ती किरणे मुलीच्या जातीस बरी नव्हेत. उद्या लग्न आहे, मुलेबाळे आहेत.’ मुलगी काही बोलली नाही. पुढे ती एका कचेरीत कारकून झाली. आपण केवढे अज्ञान अधिकारवाणीने सांगितले, हे कळण्यास आम्हांस सत्तावीस वर्षे लागली.

आता मूळ इतिहासाकडे वळू. जर्मनीतील वुर्ट्झबुर्ग येथील प्राध्यापक विल्हेल्म रॉन्टजेन यांस ८ नोव्हेंबर १८९५ रोजी निर्वात नळीवर प्रयोग करीत असता एक अदृश्य किरण आढळला. त्याचे स्वरूप अज्ञात, म्हणून बीजगणितातील अज्ञात राशीचे अक्षर त्यांनी त्यास दिले. तोच आपला क्ष-किरण. २२ डिसेंबर रोजी त्यांनी पत्नीच्या हाताचे छायाचित्र घेतले. त्यात हाडे आणि बोटातील अंगठी तेवढी उमटली. त्याच महिन्यात आपल्या पुण्यात सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले होते, हे ध्यानी घेतले म्हणजे काळाची कल्पना येईल. रॉन्टजेन यांस १९०१ साली पदार्थविज्ञानाचे पहिले नोबेल पारितोषिक मिळाले. त्याची रक्कम त्यांनी आपल्या विद्यापीठास दिली आणि शोधाचे एकस्व घेतले नाही. त्यामुळे हा शोध पाहता पाहता जगभर गेला. कलकत्त्यास जगदीशचंद्र बसू यांनी शतक संपण्यापूर्वीच स्वतः यंत्र जुळवून डॉ. नीलरतन सरकार यांचे रोगी तपासण्यास साह्य केले.

या शोधाचे मोल पुणेकरांस समजावून सांगण्यास फार लांब जावयास नको. डॉ. आनंदीबाई जोशी २६ फेब्रुवारी १८८७ रोजी याच पुण्यात क्षयाने निवर्तल्या. जिवंत माणसाच्या फुप्फुसात काय चालले आहे ते डोळ्यांनी पाहण्याचे साधन त्या दिवशी पृथ्वीतलावर कोठेही नव्हते. क्षयावरील औषधे तर पुढे साठ वर्षांनी हाती आली. परंतु रोग कोठे आणि किती, हे सांगण्याचे काम त्याआधी कित्येक वर्षे क्ष-किरणांनी केले.

हे यंत्र प्रथम चालविले कोणी? ते सगळे डॉक्टर होते असे नव्हे. छायाचित्रकार, विजेची कामे करणारे, प्रयोगशाळेतील साहाय्यक, परिचारिका असे नाना तऱ्हेचे लोक त्यात शिरले. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथील एलिझाबेथ फ्लाइशमन ही बाई जमाखर्च लिहिणारी होती. तिचे शालेय शिक्षणही अपुरे राहिले होते. वर्तमानपत्रांतून या शोधाची वार्ता वाचून ती हे शास्त्र शिकली आणि १८९८ च्या युद्धातील जखमी सैनिकांच्या अंगातील गोळ्या तिने अशा अचूक दाखविल्या की लष्करी वैद्यांनी तिची वाखाणणी केली. पहिल्या महायुद्धात मादाम क्यूरी यांनी मोटारींवर यंत्रे बसवून ती रणभूमीच्या मागे नेली आणि सुमारे दीडशे स्त्रियांस ती चालविण्याचे शिक्षण दिले. सारांश, स्त्रिया या व्यवसायात प्रारंभापासून आहेत.

आमच्या मनातील भय मात्र निराधार नव्हते. एडिसन यांचा साहाय्यक क्लॅरेन्स डॅली किरणांची परीक्षा घेताना स्वतःचा हात पुढे धरी. त्याचे दोन्ही हात कापावे लागले आणि १९०४ साली तो मरण पावला. फ्लाइशमन बाईचा हातही कापावा लागला. १९०५ साली तीही गेली. अशा हुतात्म्यांचे स्मारक हँबुर्ग येथील एका रुग्णालयाच्या आवारात १९३६ साली उभारले गेले. पुढील काळात त्यावर नावांची भर पडत गेली.

पण इतिहास तेथेच थांबत नाही. या मृत्यूंपासूनच जग शहाणे झाले. १९२८ साली स्टॉकहोम येथे किरणांपासून संरक्षणाचे नियम सुचविणारी आंतरराष्ट्रीय समिती नेमली गेली. शिशाचे आवरण, जाड भिंत आणि यंत्रापासून अंतर हे नित्याचे झाले. आपल्या देशात १९८३ साली अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाले. त्याच्या नियमानुसार कामगारास मिळणारी मात्रा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाकाठी २० मिलिसिव्हर्टपेक्षा अधिक असू नये आणि कोणत्याही एका वर्षात ३० च्या पुढे जाऊ नये. स्त्री गरोदर असल्याचे तिने कळविताच उरलेल्या काळात गर्भास १ मिलिसिव्हर्टहून अधिक मात्रा पोहोचू नये, असाही दंडक आहे. आम्ही १९९४ साली सल्ला दिला तेव्हा नियामक मंडळ स्थापन होऊन अकरा वर्षे लोटली होती. आम्ही मात्र १९०४ सालीच थांबलो होतो.

हे आम्हांस उमगले ते असे. एप्रिल २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत आमच्या छातीचा सीटी स्कॅन करण्याची वेळ आली. रात्रीचे दोन वाजले होते. बाहेर रांग लागलेली. आमच्याजवळ येण्यास घरची माणसेही कचरत असता, डोक्यापासून पायापर्यंत झाकलेल्या एका तरुणीने आम्हांस हात देऊन यंत्राच्या फळीवर निजविले. ‘काका, घाबरू नका. मी सांगेन तेव्हा श्वास रोखा,’ एवढेच ती म्हणाली. डॉक्टरांनी आमचे औषध ठरविले, ते तिने काढलेल्या चित्रांवरून.

बरे झाल्यावर आम्ही मुद्दाम तिचे आभार मानण्यास गेलो. तिच्या छातीवर एक लहानसा बिल्ला होता. तीन महिन्यांनी तो तपासणीस जातो आणि अंगावर किती किरण पडले याची नोंद होते, असे तिने समजाविले. हा व्यवसाय का निवडला, असे आम्ही विचारले. ‘घरात लवकर मिळवते होणे भाग होते,’ ती सरळ म्हणाली, ‘आणि भौतिकशास्त्र आवडे. आता रोग्याला नीट ठेवून पहिल्याच खेपेस चित्र स्वच्छ आले की बरे वाटते. पुन्हा किरण द्यावे लागत नाहीत.’

आमच्या मते सव्वाशे वर्षांच्या इतिहासाचे उत्तर यात आले आहे. कोणी चरितार्थासाठी येतो, कोणी यंत्राच्या ओढीने, कोणी सेवेच्या बुद्धीने. टिकतो तो मात्र काम चोख करण्यात ज्यास समाधान वाटते तोच. ज्या सीटी स्कॅनने आमचे निदान झाले त्याचे जनक गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्याजवळही विद्यापीठाची पदवी नव्हती, तरी १९७९ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. हुकलेल्यांचा म्हणून या व्यवसायास कमी लेखणे अनुचित होय.

अडचणी नाहीत असे आम्ही म्हणणार नाही. रात्रपाळी चुकत नाही, खाजगी ठिकाणी प्रारंभीचे वेतन बेताचे असते, आणि अहवालाखाली सही डॉक्टरांची असते. बारावी शास्त्रानंतर पदविका व पदवी अशा दोन्ही वाटा आहेत. नाव घालण्यापूर्वी संस्थेस शासनमान्यता आहे की नाही हे पालकांनी जातीने पाहावे.

आमच्या वाड्यातील ती मुलगी आता पन्नाशीला टेकली आहे. वाटेत भेटली की वाकून नमस्कार करते. जुना विषय तिने कधीही काढला नाही. तिची क्षमा मागण्याचे धैर्य आम्हांस अद्याप झालेले नाही. ते या स्मरणिकेच्या पानावर करीत आहोत. ज्ञातिबांधवांस विनंती इतकीच की, आपल्या मुलीने वा मुलाने हा अभ्यासक्रम मागितला तर आमच्यासारख्या एखाद्या गुरुजीस विचारून निर्णय करू नये. ज्याने ते काम केले आहे त्यास विचारावे, आणि अर्जातील रकाना मुलास स्वतःच्या हाताने, ठळक अक्षरांत भरू द्यावा.