वजनाचा तक्ता आणि हजेरीची वही

जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत 1992 साली कुपोषणाने मुले दगावली, तेव्हापासून या भागात अंगणवाडीतल्या वाढीच्या तक्त्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. आढ्याला काटा टांगलेला असतो, झोळीत बाळ असते, सेविका आकडा वाचून तक्त्यावर टिंब देते. एकट्या टिंबावरून फारसे कळत नाही. मागच्या महिन्याच्या टिंबाशी ते जोडले की रेघ चढते की उतरते ते दिसते, आणि रेघ उतरली तर काय करायचे ते आधीच ठरलेले असते.

महाविद्यालयातल्या विद्यार्थी विकासाच्या कामालाही मूल्यमापनाची हीच रीत लावली पाहिजे, असे मला वाटते. जव्हारला गोखले एज्युकेशन सोसायटीचे आणि मोखाड्याला रयत शिक्षण संस्थेचे महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी घरातून पहिल्यांदाच पदवीच्या वर्गात बसलेली मुले बरीच असतात. राष्ट्रीय सेवा योजनेचे दोन वर्षांतले 240 तास भरले, सात दिवसांचे शिबिर पार पडले, ही झाली कामाची मोजणी. शिबिराआधी ग्रामसभेत तोंड न उघडणारी मुलगी नंतर बोलू लागली का, हा परिणामाचा प्रश्न. तो शिबिराआधीच लिहून ठेवला नाही, तर नंतर ताडून पाहायला काही उरत नाही.

याहून मोठी चूक छेदात, म्हणजे टक्का कितींपैकी काढायचा यात होते. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या निकषांत विद्यार्थी साहाय्य येते, शिवाय विद्यार्थ्यांचे समाधान सर्वेक्षणही असते. पण भातकापणी उरकली की दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर, भिवंडी-वसईकडे कामाला जातात. वर्षअखेरीची प्रश्नावली टिकून राहिलेल्यांच्याच हाती पडते, म्हणून समाधानाचा आकडा फुगतो. छेद म्हणून प्रवेशाच्या दिवसाची यादी धरावी, गळालेल्यांसकट.

त्या यादीतल्या सर्वांना ऑगस्टमध्ये, दिवाळीआधी आणि फेब्रुवारीत तेच चार प्रश्न विचारावेत: वसतिगृहात जागा मिळाली का, शिष्यवृत्ती खात्यात आली का, पंधरवड्यात किती दिवस बुडाले, अडचण कुणाला सांगता येते. ज्या उत्तरावर हालचाल करायला कुणीच नेमलेले नाही, तो प्रश्न गाळावा. मुलांकडून फुकट माहिती काढणे बरे नव्हे. यातली सर्वांत महत्त्वाची फेरी दिवाळीआधीची, कारण तेव्हा मूल अजून गावात असते. दोन आठवडे न दिसलेल्या मुलीच्या पाड्यावर फोन लागत नसेल, तर तिथूनच येणाऱ्या दुसऱ्या विद्यार्थिनीबरोबर त्याच दिवशी निरोप धाडता येतो.