भीड

परवा फोनवर नातीने विचारलं, "आजोबा, तुमच्या लेखात 'मला त्यांची भीड वाटली' असं आहे. गर्दी वाटली म्हणजे काय?" तिच्या शाळेत हिंदी आहे, त्यामुळे भीड म्हणजे गर्दी हे तिचं गणित पक्कं. मी समजावायला लागलो. आदर म्हटलं, ते पुरेना. संकोच म्हटलं, तेही पुरेना. भीती तर नाहीच. शेवटी म्हटलं, "अगं, समोरच्या माणसाच्या मोठेपणामुळे आपण आपलं म्हणणं गिळतो ना, ती भीड." ती म्हणाली, "मग ते चांगलं की वाईट?"

आता आली का पंचाईत! छत्तीस वर्षं मराठी शिकवलं, पण हा प्रश्न वर्गात कुणी विचारला नव्हता. तेव्हापासून तो डोक्यात घोळतोय.

हिंदीतला गर्दीचा अर्थ आपल्याला अगदीच परका नाही. मोल्सवर्थच्या कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत भीड शब्दाला दाटी, गर्दी हाही अर्थ आहे आणि आदराने येणारा संकोच हाही. पुढे गर्दीला आपण 'गर्दी'च म्हणू लागलो आणि भीड माणसामाणसांतल्या व्यवहारापुरती उरली. मला मात्र दोन्ही अर्थ जवळचे वाटतात. गर्दीत अंगावर दाब येतो, भिडेत मनावर.

रोजच्या बोलण्यात या शब्दाचा संसार केवढा मोठा आहे पाहा. पंगतीत पाहुण्याला म्हणायचं, "भीड बाळगू नका, सावकाश होऊ द्या." वर्गात नवीन आलेलं पोर आठ दिवस गप्प बसतं, मग त्याची भीड चेपते आणि नंतर त्याला गप्प बसवावं लागतं! वडीलधाऱ्यांचा शब्द मोडवत नाही, तेव्हा आपण म्हणतो, "त्यांची भीड मोडवेना." मनात नसताना सही करतो ती भिडेखातर. ज्याला 'नाही' म्हणता येत नाही तो भिडस्त, आणि ज्याला कुणाचीच पर्वा नाही त्याला भीडमुर्वत नाही. वर्तमानपत्राच्या संपादकाला मात्र निर्भीड म्हटलं की तो गौरव! जुनी माणसं 'भीड खर्च करणे' असंही म्हणत. म्हणजे दुसऱ्याच्या कामासाठी आपलं वजन वापरायचं. पैशासारखीच भीडही खर्च होते, हे त्यांना ठाऊक होतं. भीड भिकेची बहीण ही म्हण तर सगळ्यांना माहीत आहेच.

भीड म्हटलं की मला एकच माणूस आठवतो. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे. शाळेत त्यांच्यावर धडा शिकवताना मी विद्वत्ता, समाजसुधारणा, सोशिकपणा असे मुद्दे फळ्यावर लिहून देत असे. एक मुद्दा कधी लिहिला नाही. तो आज लिहितो.

सन १८७३. रानड्यांची पहिली पत्नी वारली. ते तेव्हा पुण्यात न्यायाधीश होते, वय एकतीस. विधवाविवाहाच्या चळवळीत ते विष्णुशास्त्री पंडितांच्या बरोबरीने होते. १८७० साली पुण्यात शंकराचार्यांपुढे या विषयावर मोठा वाद झाला, त्यातही ते सुधारकांच्या बाजूचे. आता स्वतः लग्न करायचं तर ते विधवेशीच करतील, असं सगळ्यांना वाटत होतं. नेमकं हेच त्यांच्या वडिलांनाही वाटलं. गोविंदरावांनी घाईघाईने कुर्लेकरांची अकरा वर्षांची मुलगी पसंत केली. रानड्यांनी विनवण्या केल्या, मुदत मागितली. वडिलांनी संबंध तोडून निघून जाण्याची भाषा केली. आणि त्या वर्षीच्या डिसेंबरात लग्न झालं. ती मुलगी म्हणजे रमाबाई रानडे.

लोकांनी रानड्यांना बोल लावले. लावायलाच हवे होते. ज्याच्या पाठबळावर इतरांनी बहिष्कार सोसला, तोच वडिलांपुढे नमला. पण मला आज लोकांचे बोल महत्त्वाचे वाटत नाहीत. ही भीड रानड्यांची, पण तिची किंमत भरली कुणी? अकरा वर्षांच्या एका मुलीने, जिला कुणी काही विचारलं नव्हतं. आणि कुठल्या तरी घरात सोवळं नेसून बसलेल्या एका बाईने, जिचं नावही आपल्याला कधी कळणार नाही.

रानड्यांनी भरपाई करायचा प्रयत्न केला, हेही खरं. लग्नानंतर लगेच त्यांनी रमाबाईंना स्वतः शिकवायला सुरुवात केली. घरातल्या बायकांना ते खपत नसे, रमाबाईंना फार टोमणे सोसावे लागले. त्या शिकल्या, पुण्याच्या सेवासदनचा कारभार त्यांनी वाढवला, आणि १९१० साली त्यांचं 'आमच्या आयुष्यातील कांही आठवणी' प्रसिद्ध झालं. हे सगळं आपल्याला कळतं ते त्या पुस्तकामुळेच. पण भरपाई झाली म्हणून हिशेब मिटला असं नाही. शिकवण्याचं श्रेय रानड्यांचं, सोसलं मात्र रमाबाईंनी.

दुसरा प्रसंग १८९२ चा. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं दिली गेली. गोपाळराव जोशांनी हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापवली आणि ग्रामण्य उभं राहिलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. प्रायश्चित्त घ्यायला रानडे आधी तयार नव्हते. पण मित्रांच्या घरी बहिष्काराने कोंडी झाली, म्हातारे आईबाप कासावीस झाले. तेव्हा त्या मित्रांसाठी रानड्यांनी त्यांच्याबरोबर प्रायश्चित्त घेतलं. रमाबाईंनाही ते आवडलं नव्हतं. सुधारकांनी तर त्यांना सोडलंच नाही.

फळ्यावर मी दोन्ही प्रसंग एकाच मुद्द्याखाली घातले असते. सौम्य स्वभाव! पण ते एक नाहीत. दुसऱ्या वेळी नमताना त्यांनी बव्हंशी स्वतःची पुण्याई खर्च केली, दुसऱ्याची सुटका व्हावी म्हणून. पहिल्या वेळी नमताना खर्च झालं ते दुसऱ्याचं आयुष्य. शब्द एकच, भीड.

हे मला पुस्तकातून कळलं असं म्हणालो तर ते खोटं होईल. म्हणून आता घरचं सांगतो. नातेवाईक वाचणारच आहेत, वाचू द्या.

१९६९ साली माझी धाकटी बहीण मॅट्रिक झाली. गणितात माझ्यापेक्षा कितीतरी हुशार. तिला मास्तरीण व्हायचं होतं. मी तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, सुट्टीत घरी आलेलो. नानांनी तिचं लग्न ठरवत आणलं होतं. ती स्वयंपाकघरात मला म्हणाली, "दादा, तू बोल ना नानांशी. तुझं ऐकतील." मी ओसरीवर गेलो. नाना कंदिलाजवळ हिशेबाची वही घेऊन बसले होते. मी कंदिलाची वात सारखी केली, थोडा वेळ उभा राहिलो आणि आत आलो. तिला सांगितलं, "नाना झोपलेत."

लग्न झालं. संसार चांगला झाला, माणसं चांगली मिळाली. मास्तर मी झालो. नानांची भीड मोडवली नाही, असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. ऐकायला ते बरं वाटतं, जणू मी काही त्याग केला!

गेल्या दिवाळीत भाऊबीजेला ती आली होती. ओवाळून झालं आणि मी विचारलंच, "राग आहे का गं अजून?"

"राग कसला रे दादा," ती म्हणाली. "नाना तुला नाही म्हणाले असते तरी चाललं असतं. पण ते झोपले नव्हते. त्यांचा खोकला मला आत ऐकू येत होता."

एवढं बोलून ती ताट आवरायला लागली.

म्हणजे छप्पन्न वर्षं तिला ठाऊक होतं. आणि एवढी वर्षं तिने ते माझ्यापाशी काढलं नाही. ती माझी भीड राखत होती. तिच्या त्या भिडेचा खर्चही तिनेच सोसला.

तेव्हा, बाळा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं. भीड वाईट नाही. ती अजिबात नसेल तर घरात राहणं कठीण होईल. पण कुणापुढे नमताना एवढं बघावं, की त्याचं मोल आपल्या खिशातून जातंय की मागे स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या कुणाच्या.

असो. लेख तिला वाचून दाखवायला भाच्याला सांगितलंय. भीड वाटतेय, पण सांगितलंय.