बांगडी कोणाच्या हातची?

हैदराबादेत दोन-तीन पिढ्या काढलेल्या आपल्या मराठी घरांत लग्न ठरले की बांगड्यांच्या दोन खरेद्या ठरलेल्याच असतात : एक हिरवा चुडा आणि दुसरे लाखेचे जोड. हिरवा चुडा आपल्या रिवाजाचा आणि काचेचा. तो लाड बाजारात घेतला तरी त्यातली काच बहुतेक उत्तर प्रदेशातल्या फिरोजाबादहून आलेली असते. लाखेचा जोड मात्र या शहराचा. तो आपल्या आज्यांनी गावाकडून आणला नाही. इथे आल्यावर हैदराबादने तो त्यांच्या हातात घातला आणि मग तो आपलाच झाला.

बांगडीचा मान आपल्याकडे केवढा! ती 'फुटली' असे आपण म्हणत नाही, 'वाढवली' म्हणतो. पूर्वी गावाकडे कासार घरी यायचा आणि बांगड्या भरून झाल्या की बाया त्याला नमस्कार करायच्या. पण तो बांगडी भरणारा. ती करणारा किंवा करणारी कोण, हे तेव्हाही कोणाला माहीत नसे आणि आजही नसते. हाताने दागिना घडवून पोट भरणाऱ्या माणसाला गेल्या ऐंशी-नव्वद वर्षांत एकामागून एक नवे बाजार मिळाले : नुमाइश, हस्तकला मेळे आणि आता मोबाइल. प्रत्येक बाजाराकडून अपेक्षा एकच होती, की मधले हात कमी होतील आणि करणाऱ्याला त्याचे दाम मिळेल. ती कितपत पुरी झाली, हे आपल्याच शहराच्या उदाहरणावरून पाहू.

शेगडीपासून दुकानापर्यंत

लाख म्हणजे पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर राहणाऱ्या एका बारीक किड्याने स्रवलेला राळेसारखा पदार्थ. देशात ती सर्वाधिक झारखंडात होते. फांद्यांवरून खरवडून, धुऊन, वितळवून ती कारागिराकडे येते. शेगडीवर ती मऊ करायची, तीत भुकटी आणि रंग मिसळून कणकेसारखी मळायची, लाटून लांब दोरी करायची, दोरीचा वेढा घेऊन टोके जुळवायची आणि धातूच्या कडीवर बसवायची. मग खरे काम सुरू होते. लाख गरम असेतो खडे, मणी, आरसे एकेक करून चिमट्याने तीत बसवायचे. ती थंड झाली तर खडा धरत नाही, जास्त तापली तर बांगडीचा आकार जातो. धग, धूर, वाकलेली पाठ आणि ताणलेले डोळे हे या धंद्याचे रोजचे सोबती.

चारमिनार १५९१ चा. त्याच्या पश्चिमेला लाड बाजार पसरलेला आहे. 'लाड' हा शब्द लाखेवरून आला असे काही जण सांगतात. आपल्या मराठी कानाला मात्र त्यात लाडच ऐकू येतात. लग्नसराईत आणि रमजानच्या रात्री तिथे पाय ठेवायला जागा नसते. पण दुकानात दिसते ती साखळीची शेवटची कडी. तिच्यामागे कारखानदार असतो, त्याच्यामागे लाख वळणारा कारागीर आणि त्याच्याही मागे घरी बसून खडे लावणाऱ्या बायका. माल दुसऱ्याचा, डिझाइन दुसऱ्याचे आणि मजुरी नगावर. गिऱ्हाईक कोण हे त्या बाईला कधी कळत नाही आणि आपण जोडाला काय मोजले हेही कळत नाही.

या साखळीच्या तळाशी काय असू शकते, हे २०१५ च्या जानेवारीत उघड झाले. जुन्या शहरातील बांगड्यांच्या कारखान्यांतून पोलिसांनी दोनशेहून अधिक मुले सोडवली. त्यांतली बहुतेक बिहारची होती. स्वस्त बांगडीची किंमत कोणीतरी भरतच असते. इथे ती मुलांनी भरली होती.

नुमाइश : 'मुल्की' मालाचा बाजार

आपल्या सर्वांच्या आवडीची नुमाइश मुळात कारागिरांच्या आणि देशी मालाच्या विचारातूनच जन्मली. उस्मानिया विद्यापीठाच्या पदवीधरांना संस्थानाची आर्थिक पाहणी करायची होती आणि त्यासाठी पैसा हवा होता. त्यांनी १९३८ मध्ये बाग-ए-आममध्ये, म्हणजे आजच्या पब्लिक गार्डन्समध्ये, दहा दिवसांचे प्रदर्शन भरवले. नाव होते 'नुमाइश मस्नुआत-ए-मुल्की', म्हणजे मुलखात तयार झालेल्या वस्तूंचे प्रदर्शन. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी त्याचे उद्‌घाटन केले.

त्या 'मुलखा'त तेव्हा मराठवाड्याचे पाचही जिल्हे होते आणि बिदरही होते. म्हणजे औरंगाबादचा हिमरू, पैठणची पैठणी, बिदरची बिदरी, करीमनगरचे चांदीच्या तारेचे नाजूक काम आणि लाड बाजारची लाखेची बांगडी ही सारी एकाच मुलखाची कारागिरी. पुढे १९५६ च्या भाषावार पुनर्रचनेत हे सारे तीन राज्यांत विभागले गेले. आपल्यापैकी अनेकांचे नातेवाईकही तसेच विभागले गेले आहेत.

प्रदर्शन १९४६ मध्ये नामपल्लीच्या मैदानावर आले. पुढची दोन वर्षे धामधुमीची गेली. १९४९ मध्ये ते पुन्हा भरले तेव्हा उद्‌घाटनाला गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी आले होते. पुढे त्याला 'अखिल भारतीय औद्योगिक प्रदर्शन' हे नाव मिळाले, तरी लोकांच्या तोंडी नुमाइशच राहिली. आता काश्मीरची शाल आणि लखनौची चिकनकारी आपल्या दाराशी आली. गिऱ्हाइकाला ती पर्वणी होती. स्थानिक कारागिराच्या दृष्टीने गर्दी वाढली, तशी स्पर्धाही वाढली.

शिवाय एक व्यावहारिक अडचण होती आणि ती आजही आहे. १ जानेवारीपासून १५ फेब्रुवारीपर्यंत स्टॉलवर बसायचे, तर तेवढे दिवस घरी बांगडी कोण करणार? भाडे आगाऊ भरायचे, दीड महिन्याचा माल आधीच तयार ठेवायचा, म्हणजे भांडवल हवे. ज्याच्यापाशी भांडवल तो व्यापारी आणि ज्याच्यापाशी हात तो कारागीर. स्टॉल साहजिकच पहिल्याकडे जातो. आणि सारा माल एका ठिकाणी मांडण्यात धोकाही असतो. ३० जानेवारी २०१९ च्या रात्री नुमाइशीत आग लागली. प्राणहानी झाली नाही, पण कित्येकांचे स्टॉल मालासकट जळाले. २०२१ मध्ये कोरोनामुळे नुमाइश भरलीच नाही. वर्षाची कमाई एका मैदानावर टाकणाऱ्याचे काय होते, हे या दोन वर्षांनी दाखवले.

कारागीर स्वतः बसला

स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये अखिल भारतीय हस्तकला मंडळ स्थापन झाले. त्यामागची मोठी शक्ती कमलादेवी चट्टोपाध्याय यांची. कारागिराने कारागीर म्हणून जगावे, त्याची कला संग्रहालयात नव्हे तर घराघरांत दिसावी, हा त्यांचा ध्यास होता. त्याच वाटेने पुढे मेळे आले. दिल्लीजवळ सूरजकुंडचा मेळा १९८७ मध्ये सुरू झाला, आपल्या माधापूरचे शिल्पारामम् १९९२ मध्ये उभे राहिले आणि दिल्ली हाट १९९४ मध्ये. दिल्ली हाटात कारागिरांना ठरावीक दिवसांसाठी आळीपाळीने गाळे देण्याची पद्धत आली. थोडक्या भाड्यात थोडे दिवस बसायचे आणि मग दुसऱ्याला जागा द्यायची. नुमाइशीतल्या अडचणीवर हा चांगला उतारा होता.

मेळ्याने आणखी एक गोष्ट केली. गिऱ्हाइकाने काम होताना पाहिले. बिदरीच्या काळ्या धातूत चांदीची तार ठोकून बसवताना पाहिली, किल्ल्यातल्या मातीच्या लेपाने तो धातू काळाभोर होतो हे ऐकले, की घासाघीस करायला जीभ रेटत नाही. कारागीरही गिऱ्हाइकाकडून शिकला. बिदरीची सुरई किंवा हुक्का आता किती जण घेणार? पण झुमके आणि लोलक घेणारे पुष्कळ. बिदरीवाले छोट्या दागिन्यांकडे वळले, त्यामागे मेळ्यातले आणि शहरातले हे गिऱ्हाईक आहे.

मोबाइलवरचा बाजार

ऑनलाइन विक्री आली तेव्हा वाटले, आता खरोखरच मधला माणूस गेला. अमेरिकेत २००५ मध्ये 'एट्सी' हे संकेतस्थळ हस्तकलेच्या वस्तूंसाठी सुरू झाले आणि घरबसल्या दागिने करणाऱ्या हजारो लोकांना, विशेषतः स्त्रियांना, तिथे गिऱ्हाईक मिळाले. पण २०१३ मध्ये तिथे बाहेरच्या उत्पादकाकडून माल करून घेण्याची मुभा मिळाली. प्रत्येक विक्रीवरचे शुल्क २०१८ मध्ये साडेतीन टक्क्यांवरून पाचवर आणि २०२२ मध्ये साडेसहावर गेले. तेव्हा अनेक विक्रेत्यांनी आठवडाभर दुकाने बंद ठेवून निषेध केला. म्हणजे मधला माणूस गेला नव्हता, त्याची खुर्ची बदलली होती.

आपल्याकडे फ्लिपकार्टने २०१९ मध्ये कारागिरांसाठी 'समर्थ' उपक्रम सुरू केला, अ‍ॅमेझॉननेही 'कारीगर' नावाचा विभाग उघडला. १ ऑक्टोबर २०२३ पासून ठरावीक उलाढालीच्या आत, आपल्याच राज्यात विकणाऱ्या छोट्या विक्रेत्याला जीएसटी नोंदणीशिवायही अशा बाजारात उतरण्याची सोय झाली. या चांगल्या गोष्टी आहेत. पण बांगडीच्या काही खास अडचणी आहेत. एक मापाची. दुकानदार 'दोन-चार' म्हणतो ते सव्वादोन नव्हे असे अनेकांना वाटते, पण ते सव्वादोनच. दोन इंच आणि वर चार-षोडशांश. 'दोन-सहा' म्हणजे दोन इंच आणि सहा-षोडशांश. हे न कळल्याने चुकीचे माप मागवले जाते आणि जोड परत येतो. वाटेत उन्हाने लाख मऊ पडते, आपटल्याने तडकते, खडे निखळतात. आणि फोटोत लाख कोणती व साच्यातले प्लास्टिक कोणते, हे जाणकारालाही सांगता येत नाही.

२०२४ मध्ये हैदराबादच्या लाखेच्या बांगड्यांना भौगोलिक निर्देशांक, म्हणजे जीआय मिळाला. करीमनगरच्या चांदीकामाला तो २००७ मध्येच मिळाला होता. यामुळे नावाला संरक्षण मिळते. मजुरी मात्र जीआय ठरवत नाही. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत. त्यांत सोनार आहे, बांगडी कारागिराचे वेगळे नाव नाही. सरकारी नोकरीत असल्याने सांगतो, लाभ मिळायचा तर आधी यादीत नाव लागते.

हिशेब

डिप्लोमाला आम्हाला वस्तूची किंमत काढायला शिकवत : माल, मजुरी, वरखर्च. तोच हिशेब इथे लावू. आकडे केवळ उदाहरणाचे आहेत. समजा एका जोडाला माल ८० रुपयांचा लागला, तीन तासांची मजुरी तासाला ८० प्रमाणे २४० आणि जळण, तूटफूट मिळून ४०. झाले ३६०. जोड ५०० ला विकला. मेळ्यात गाळा, प्रवास, राहणे यांचा वाटा ८० धरला तर उरले ६०. ऑनलाइन विकला तर बांधणी व कुरिअर ८५, कमिशन दहा टक्के म्हणजे ५०, उरले अवघे ५. दहातला एक जोड परत आला की तेही गेले.

आता आपण म्हणालो, "चारशेला द्या." लाख देणारा कमी करणार नाही, कुरिअरवाला करणार नाही, गाळ्याचे भाडेही तेवढेच. मेळ्यातल्या त्या जोडावर नफा तर गेलाच, वर ४० रुपये मजुरीतून गेले. ऑनलाइन चारशेला विकला, तर कमिशन ४० धरूनही ८५ रुपये मजुरीतून जातात आणि तीन तासांचे १५५ उरतात. हातच्या काकणाला आरसा कशाला? घासाघिशीची कात्री चालते ती फक्त मजुरीवर, कारण या हिशेबात मऊ अशी तीच एक रक्कम आहे.

म्हणून ज्यांचा यात जम बसतो ते एकाच बाजारावर विसंबत नाहीत. मेळ्यात ओळख करायची, माप टिपून घ्यायचे, गिऱ्हाइकाचा नंबर ठेवायचा आणि पुढची मागणी थोडी आगाऊ रक्कम घेऊन थेट पुरी करायची. मेळा विश्वास देतो आणि मोबाइल तो वर्षभर टिकवतो. मागणी आधी आली की भांडवल अडकत नाही आणि कमिशनही वाचते.

आपल्या मंडळाला यात थोडे करता येण्यासारखे आहे. उत्सवातल्या स्टॉलपैकी दोन जागा बिनभाड्याने बांगडी करणाऱ्या बायकांसाठी राखता येतील आणि त्यांची शेगडी मांडायची सुरक्षित सोय करता येईल. लग्नाचे जोड महिनाभर आधी त्यांच्याकडूनच सांगून करून घेता येतील. आणि लाड बाजारात गेलो तरी दुकानदाराला एक प्रश्न जरूर विचारावा : हा जोड कोणी केला? त्याला नाव सांगता आले तर उत्तमच. सांगता आले नाही, तर आपले पैसे कुठवर पोचणार याचे उत्तरही तेच, असे समजावे.