गर्भपाताचा सरकारी खर्च (डहाणू-तलासरी)

पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी या आदिवासीबहुल तालुक्यांत सरकारी रुग्णालयांतून मिळणाऱ्या गर्भपातसेवेचा व तिच्या खर्चाचा प्रश्न. करदात्यांचा पैसा गर्भपातावर खर्च करावा का, हा वाद अमेरिकेत गर्भपाताला केंद्रीय निधी नाकारणाऱ्या 1976 च्या हाइड दुरुस्तीपासून धुमसतो आहे. 2010 चा आरोग्यसुधारणा कायदाही त्यापायी अडतो की काय, अशी वेळ आली होती. भारतात असा वाद फारसा झालाच नाही. महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या समितीने 1966 मध्ये अहवाल दिला, त्यावरून 1971 चा वैद्यकीय गर्भपात कायदा आला आणि खर्चाचा भार कुटुंबनियोजनाच्या ओघात तिजोरीने मुकाट्याने उचलला. त्यामागे स्त्रीच्या हक्कापेक्षा लोकसंख्येची धास्ती अधिक होती, हे मान्य करायला हवे.

या कायद्याच्या कलम 4 नुसार सरकारी रुग्णालयाला वेगळी मान्यता लागत नाही, खाजगीला लागते. इमारत अशी आपोआप पात्र ठरते, डॉक्टर मात्र ठरत नाही. स्त्रीरोगतज्ज्ञ नसेल, तर 2003 च्या नियमांप्रमाणे 12 आठवड्यांपर्यंतच्या गर्भपातासाठी डॉक्टरने 25 गर्भपातांत सहाय्य केलेले व त्यांतले किमान 5 स्वतः केलेले असावे लागतात. असा डॉक्टर बदलून गेला की फुकटची सेवा कागदावरच उरते. मग एसटीचे भाडे, बुडालेली मजुरी आणि सोबतच्या माणसाचा खर्च बाईच्याच पदराला. दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेलीचे गर्भपाताच्या मुदतीचे आठवडे तर तिथेच सरतात. जननी सुरक्षा योजनेची रोख मदत बाळंतपणासाठीच आहे, या खर्चासाठी नाही.

इथल्या वारली समाजात लग्नाचा खर्च जमेपर्यंत जोडपी एकत्र नांदतात. धवलेरीच्या (लग्न लावणाऱ्या पुरोहित स्त्रीच्या) हातून लागणारे लग्न पोरेबाळे झाल्यावरही उरकले जाते. मूळ कायद्याने गर्भनिरोधक फसल्याचे कारण फक्त विवाहितेला दिले होते. नांदती वारली स्त्री त्यात कागदोपत्री बसत नव्हती. 2021 च्या दुरुस्तीने ‘पती’च्या जागी ‘जोडीदार’ आणला. 29 सप्टेंबर 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 20 ते 24 आठवड्यांची मुभा अविवाहितांनाही दिली.

वय 18 च्या आत असेल, तर पालकाची संमती लागते आणि पॉक्सो कायद्याने (2012) पोलिसांना कळवणे भाग पडते. लहान वयात नांदायला गेलेल्या मुलीच्या घरचे त्यामुळे सरकारी दवाखान्याची पायरी चढायला कचरतात. 2022 च्या त्याच निकालाने डॉक्टरला मुलीच्या व तिच्या पालकाच्या विनंतीवरून पोलिसांना कळवताना तिचे नाव गुप्त ठेवण्याची सवलत दिली आहे.