ही वाट आधी कोणाची?

दिल्लीतील आमच्या सरकारी निवासाच्या गॅलरीत एक जुनी काळी सायकल भिंतीला टेकून उभी आहे. आमच्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, तिच्यावरून तीस वर्षे कचेरी गाठली. पुढे एका मोटारीचा धक्का लागून त्यांचा हात मोडला आणि तेव्हापासून सायकल गॅलरीतच राहिली. आम्हीही केंद्र सरकारच्या सेवेत कारकुनी करतो; परंतु आमची सायकल बाहेर पडते ती रविवारी पहाटे, मोटारींना जाग येण्यापूर्वी. अशा माणसाला, जेथे मोटार येऊच शकत नाही अशा वाटेचा मोह पडावा, यात नवल नाही. मागे एका पुस्तकात तशा वाटेचे चित्र आमच्या पाहण्यात आले. इंग्लंडातील डर्बीशायर परगण्यातले वाय नदीचे खोरे, त्यावर पाच कमानींचा दगडी पूल, आणि पुलावरून रमतगमत चाललेले सायकलस्वार. ते चित्र आम्ही अण्णांना दाखविले. गावाकडच्या जमिनीच्या सातबाऱ्यापायी ज्यांचे अर्धे आयुष्य गेले, त्या अण्णांनी चष्मा सावरून एवढेच विचारले, "ही वाट आधी कोणाची होती?"

प्रश्न साधा होता. पण उत्तर शोधू लागलो तेव्हा दोन शतकांचा इतिहास उलगडत गेला. तोच येथे थोडक्यात वाचकांपुढे ठेवीत आहोत.

मँचेस्टर आणि शेफील्ड या कारखान्यांच्या दोन शहरांच्या मध्ये जो डोंगराळ मुलूख आहे त्यास 'पीक' म्हणतात. त्याचा दक्षिण भाग चुनखडीचा, हिरव्या कुरणांचा. उत्तर भाग काळसर वाळूच्या खडकाचा. तेथे उंचावर उघडीबोडकी पठारे पसरली आहेत. इंग्रज लोक त्यांस 'मूर' म्हणतात. झाड जवळजवळ नाही. गवत, जांभळ्या फुलांचे खुरटे हेदर, आणि पायाखाली कुजलेल्या वनस्पतींची काळी, पाण्याने भिजलेली माती. त्यांतील सर्वांत उंच किंडर स्काउट हे पठार ६३६ मीटर उंचीचे आहे. वाय नदी बक्स्टन गावाच्या वरच्या बाजूस उगम पावते आणि चुनखडीच्या अरुंद दऱ्यांतून, बेकवेल गावावरून वाहत जाऊन डर्वेंट नदीस मिळते.

चित्रात हे खोरे अनादी कालापासून निवांत असावे असे वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात नदीच्या पाण्यावर चालणाऱ्या सुताच्या गिरण्या क्रेसब्रुक आणि लिटन येथे उभ्या राहिल्या. अशा आडवळणी जागी मजूर कोठून मिळणार? म्हणून दूरच्या शहरांतील अनाथ मुले 'उमेदवार' या गोंडस नावाखाली येथे आणण्यात आली. लंडनच्या अनाथालयातून पाठविलेल्या रॉबर्ट ब्लिंको या मुलाने लिटन येथे जो मार आणि जी उपासमार सोसली, तिची हकीकत १८३२ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. आज ज्या काठावर सायकलस्वार शिदोरी सोडतात, तेथेच ही मुले राबत होती.

गिरण्यांच्या मागून आगगाडी आली. मिडलंड रेल्वे कंपनीने १८६३ मध्ये या खोऱ्यातून बक्स्टनपर्यंत लोहमार्ग नेला आणि १८६७ मध्ये तो मँचेस्टरला जोडला. डोंगर फोडून बोगदे काढले, दरीवर पूल बांधले. जॉन रस्किन या प्रख्यात लेखकाचा यावर फार संताप झाला. एका गावच्या लोकांना शेजारच्या गावी अर्ध्या तासात पोचता यावे एवढ्यासाठी देवांनी विहार करावा असे खोरे उद्ध्वस्त केले, असा त्याचा आक्षेप होता. त्याचा रोष आम्हांस समजतो. परंतु ज्या पुलाचे चित्र पाहून आम्ही हरखलो, तो त्याच लोहमार्गाचा पूल होता, हेही नमूद केले पाहिजे.

खोऱ्याची कथा अशी, पठाराची निराळी. मूरवर पूर्वी आसपासचे लोक गुरे चारीत. पुढे कायद्याने कुंपणे पडली आणि पठारे जमीनदारांची झाली. तेथे ग्राउस नावाच्या पक्ष्याची शिकार चाले. पक्षी बिथरू नयेत म्हणून राखणदार माणसांना हुसकून लावीत. इकडे १८८५ च्या सुमारास दोन सारख्या चाकांची सायकल निघाली आणि १८८८ मध्ये डनलॉपने हवेची धाव बसविली, तेव्हा गिरणीतल्या कामगारालाही रविवारी शहराबाहेर पडता येऊ लागले. सायकलीने तो डोंगराच्या पायथ्याशी येई. वर पाहावे तो मज्जावाची पाटी!

२४ एप्रिल १९३२ रोजी सुमारे चारशे तरुण हेफील्ड गावाजवळून मुद्दाम ती पाटी ओलांडून किंडरवर चढले. त्यांचा म्होरक्या बेनी रॉथमन हा मँचेस्टरचा वीस वर्षांचा तरुण होता. रेल्वे स्टेशनावर पोलीस वाट पाहत असतील हे ओळखून तो त्या दिवशी सायकलीने आला. राखणदारांशी झटापट झाली, धरपकड झाली, आणि पाच जणांस दोन ते सहा महिन्यांच्या शिक्षा झाल्या. रॉथमनला चार महिने. कायदा मोडून तुरुंगात जाण्याचा अर्थ त्या वर्षी भारतातील माणसाला समजावून सांगावा लागला नसता. सविनय कायदेभंगाच्या त्या दिवसांत येथील तुरुंग भरले होते.

त्या शिक्षांनी प्रश्न मिटला नाही, उलट पेटला. १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला आणि १९५१ मध्ये ब्रिटनमधील पहिले राष्ट्रीय उद्यान म्हणून याच पीक प्रदेशाची निवड झाली. २००० सालच्या कायद्याने अशा उघड्या पठारांवर पायी हिंडण्याचा हक्क सर्वांस मिळाला. २००२ मध्ये, सत्तर वर्षांनी, डेव्हनशायरच्या ड्यूकने आपल्या आजोबांच्या वेळच्या वर्तनाबद्दल जाहीर क्षमा मागितली. रॉथमन मात्र त्याच वर्षी जानेवारीत वारला होता.

परंतु हा हक्क पायी चालणाऱ्यांचा. सायकलस्वाराचे काय? त्याच्या दृष्टीने १९६८ हे साल महत्त्वाचे आहे. मोटारींच्या युगात इंग्लंडने हजारो मैलांचे लोहमार्ग मोडीत काढले. त्यांत वाय खोऱ्यातील गाड्याही त्या वर्षी थांबल्या. आणि त्याच वर्षीच्या एका कायद्याने घोडेस्वारांच्या जुन्या वाटांवर सायकल नेण्याची मुभा मिळाली. मात्र पादचारी आणि घोडेस्वार यांना आधी वाट द्यावयाची, या अटीवर. रूळ उखडलेली ही जमीन उद्यानाच्या मंडळाने पुढे ताब्यात घेतली आणि १९८१ मध्ये 'मॉन्सल ट्रेल' या नावाने ती वाट खुली केली. तरीही चार मोठे बोगदे धोक्याचे म्हणून बंदच होते. पादचारी वळसा घालून जात. सायकलस्वाराचा मार्ग तेथे खुंटे. २०११ च्या मे महिन्यात सुमारे चारशे मीटर लांबीचे ते बोगदे दिवे लावून उघडले, तेव्हा कोठे साडेआठ मैलांची सलग वाट तयार झाली.

या वाटेवर लहान मूल आणि म्हातारा माणूस सारख्याच सुखाने सायकल चालवितात. आगगाडीला तीव्र चढ सोसत नाही, म्हणून इंजिनियरांनी डोंगर फोडून मार्ग सपाट राखला. ते श्रम आज दमलेल्या पायांच्या उपयोगी पडतात. ज्या मोटारीने आगगाडीला हटविले, त्याच मोटारीमुळे मोटारविरहित वाट जन्मास आली! रस्किनला हे दिसले नव्हते, आणि रेल्वे कंपनीलाही दिसले नव्हते.

हे सारे आम्ही एका संध्याकाळी अण्णांना सांगितले. अनाथ मुलांचे ऐकताना ते गप्प झाले. रॉथमन सायकलीने आला हे ऐकून मात्र त्यांनी मान डोलाविली. शेवटी आम्ही म्हणालो, "आता तेथे पुन्हा आगगाडी सुरू करावी, अशीही काहींची मागणी आहे. आगगाडी आली तर रस्त्यावरच्या मोटारी कमी होतील, हेही खरेच."

अण्णा म्हणाले, "म्हणजे दावा अजून चालूच आहे."

पुढल्या रविवारी पहाटे आम्ही निघालो तेव्हा ते गॅलरीत उभे होते. एका हाताने जुन्या सायकलीची धाव दाबून हवा पाहत होते.